कॅसेट परत आली नाही

उल्काचं गाणं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हिच्या पोटात दुखतंय. आमचं स्वयंपाकघर आणि त्यांचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत, आणि ती भिंत विटांची आहे असं बिबवेवाडीतल्या आमच्या बिल्डरने आम्हाला सांगितलं होतं. मी भांडी घासत होते. पलीकडे आवाज चढत गेला, आता वर जाणार असं वाटलं तिथे नेमका खाली आला, मध्येच एक ठोका गिळल्यासारखा झाला आणि एकदम थांबला. मी हातात कढई घेऊन पुढच्या ओळीची वाट बघत उभी राहिले. ओळ काही आली नाही. शेवटी मी त्यांचं दार वाजवलं. उल्काच्या आईने उघडलं. म्हटलं, "आनंदीबाई, सगळं ठीक आहे ना?"

"गातेय ती," आनंदीबाई म्हणाल्या. मी कढई घेऊन परत आले.

गाणं उल्काने कॉलेजात असताना स्वतःच रचलं होतं. शब्दही तिचे, चालही तिची. 'दार नुसते लोटले आहे, यायचे तर ये,' अशी सुरुवात. मग अंगणातली तुळस, चुलीवरचं दूध वगैरे येऊन शेवटी, 'नसेल यायचे, तर तेही...' इथे गाणं संपतं. तेही काय, ते सांगत नाही. चालही तशीच, तो शेवटचा सूर अधांतरी सोडून दिलेला. प्रियकराला बोलावणारी बाई इतकी बेफिकीर मी दुसऱ्या कुठल्या गाण्यात पाहिली नाही. हे गाणं पुण्याबाहेर कुणाला सुचलं नसतं.

तर रोज संध्याकाळी क्लासवरून आली की ती गायची आणि मी भिंतीअलीकडे कपाळाला हात लावायची. मग एकदा ती घसा बसल्यामुळे आठवडाभर गायली नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला भांडी घासताना काहीतरी चुकल्यासारखं व्हायला लागलं. नळ नीट बंद केलाय का, गॅस चालू राहिला का, सगळं बघून झालं. मग लक्षात आलं की मी तोंडातल्या तोंडात तेच गाणं म्हणतेय, आणि तो गिळलेला ठोकाही बरोबर गिळतेय. त्या दिवसापासून ते गाणं मला आवडतं. का आवडतं ते विचारू नका. कारलंही मला लग्नानंतरच आवडायला लागलं.

उल्का तेव्हा सव्वीस वर्षांची होती. उंच, चष्मेवाली, बोलणं मोजकं, आणि उगाच हसायची सवय नाही. स्वारगेटजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये ती शिकवायची. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर गोंधळून जाणार अशी तेव्हा आवई होती आणि ते निस्तरायला अमेरिकेला माणसं हवी होती. जुन्या पद्धतीचं काहीतरी प्रोग्रॅमिंग असायचं, ते ही शिकवायची. पोरं शिकायची, पेढ्यांचा पुडा आणून द्यायची आणि विमानात बसायची. उल्का पेढे आम्हाला वाटायची आणि पुढच्या बॅचला पहिल्यापासून शिकवायला लागायची.

तिचे वडील ती शिकत असतानाच गेले होते. त्यामुळे आनंदीबाईंना तिच्या लग्नाची घाई होती, आणि स्थळं येत होती तीही अमेरिकेचीच. मुलगा तीन आठवड्यांच्या रजेवर यायचा. एका दुपारी दोन-तीन मुली बघायच्या असायच्या. खाली रिक्षा थांबवून ठेवलेली, वर मुलाच्या आईची नजर घड्याळावर. पोहे मी करायची, कारण आनंदीबाईंच्या पोह्यांचा गोळा होतो. त्यामुळे प्रत्येक कार्यक्रमाला मी हजर.

"गाते का मुलगी?" हा प्रश्न ठरलेला. उल्का "हो" म्हणायची आणि हेच गाणं गायची. आनंदीबाईंनी हात जोडून सांगून पाहिलं, "अगं, एखादं सगळ्यांना माहीत असलेलं भावगीत म्हण."

"दुसऱ्याचं गाणं म्हणायचं तर दुसऱ्याचीच मुलगी दाखवा," उल्का म्हणाली.

गाणं थांबलं की दिवाणखान्यातले सगळे चेहरे तसेच पुढे झुकलेले असायचे. पुढच्या ओळीची वाट बघत. मग उल्काच सांगायची, "संपलं." की लगेच सगळे "वा, वा" म्हणून पोह्यांकडे वळायचे. एका मुलाच्या आईने तर मध्येच उठून तिला पाण्याचा पेला दिला. एकाने विचारलं, "अजून शिकताय का?" मुलगी स्वतः गाणी रचते हे आनंदीबाई कुणाला कळू द्यायच्या नाहीत. गाणी रचणारी मुलगी घर कधी बघणार, असं लोकांना वाटेल म्हणून.

एकदा गच्चीवर वाळवण घालताना उल्का मला म्हणाली, "शालनमावशी, आवडू नये. त्याचं काही नाही. पण एकाने तरी विचारावं ना, की हे असं का केलंय?" तिने हे अगदी सहज सांगितलं आणि कुरडया उलट्या करायला लागली. मला मात्र फार वाईट वाटलं. ही पोरगी नवरा शोधत नव्हती, ऐकणारा शोधत होती, आणि ऐकणाऱ्यांची रिक्षा खाली थांबलेली असायची.

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात सहकारनगरचं स्थळ आलं. मुलगा अनिरुद्ध, अमेरिकेत. त्याला त्या वर्षी रजाच नव्हती, म्हणून त्याचे आई-वडील आणि वहिनी आले, आणि वहिनीच्या हातात व्हिडिओ कॅमेरा. पाच मुलींचं शूटिंग करून कॅसेट अमेरिकेला पाठवायची, मुलगा त्यातून निवडणार. उल्काचा नंबर चौथा. माझ्या पोह्यांचंही शूटिंग झालं. गाणं संपल्यावर अनिरुद्धच्या वडिलांनी विचारलं, "तेही काय?" उल्का म्हणाली, "एवढंच आहे." हे सगळं कॅसेटवर आलं.

महिन्याभरात नकार आला. पत्रिका जमत नाही, असं कारण. पत्रिका आधीच जमवून मग ते बघायला आले होते, पण नकाराचं कारण पत्रिकाच असते, तो रिवाज आहे. रिवाजाप्रमाणे उल्काचा फोटोही परत आला आणि पत्रिकाही परत आली. आनंदीबाईंनी पाकीट उघडून बघितलं, उलटं करून झटकलं आणि सहकारनगरला फोन लावला.

"फोटो मिळाला. पत्रिका मिळाली. कॅसेट आली नाही."

मुलाच्या आईला आधी कळेचना. मग त्या म्हणाल्या, अहो, कॅसेट अमेरिकेत आहे आणि त्यात आणखी चार मुली आहेत. आनंदीबाई म्हणाल्या, चार मुलींचं त्या चार मुलींचे आईबाप बघतील. नकार दिलेल्या मुलीची वस्तू घरात ठेवायची पद्धत नाही. माझी मुलगी परक्या माणसाच्या घरी टीव्हीवर गात बसलेली मला चालणार नाही. यात चूक काय होतं, मला आजही कळत नाही. मुलाच्या आईनेही ते मान्य केलं, कारण त्याही पुण्याच्याच. फक्त उल्काचा भाग वेगळा काढून अनिरुद्ध पाठवेल, असं ठरलं.

हा भाग वेगळा काढणं म्हणजे त्या बिचाऱ्याला दोन मशिनं एकमेकांना जोडून, एकीकडे लावायचं आणि दुसरीकडे उतरवायचं. त्यात इथली कॅसेट तिथल्या मशीनवर चालत नाही, म्हणून वेगळं मशीन आणावं लागलं. आनंदीबाई दर पंधरवड्याला सहकारनगरला आठवण करत होत्या. शेवटी मे महिन्यात कुणाबरोबर तरी कॅसेट आली. आमच्याकडे व्हीसीआर होता, म्हणून आम्ही तिघींनी ती आमच्याकडे लावली.

उल्का आली, बसली, गायली. 'तर तेही' म्हणून थांबली. त्यापुढे कॅसेट चालूच. पाचवी मुलगी आली, नमस्कार केला, तिने भरतकाम केलेला टेबलक्लॉथ उलगडून दाखवला, तिच्या वडिलांनी तिची उंची सांगितली, आणि मग कॅसेट बंद झाली.

"म्हणजे आता लोकांची मुलगी आपल्या घरात आली," आनंदीबाई म्हणाल्या आणि डोक्याला हात लावून बसल्या.

पुन्हा फोन. ही कॅसेट परत, दुसरी नीट कापून पाठवा. या वेळी मात्र अनिरुद्धचा फोन सरळ अमेरिकेहून आला. आनंदीबाई भाजीला गेल्या होत्या, उल्काने उचलला. मी किल्ली द्यायला गेले होते, तिथेच उभी राहिले. तसं बघितलं तर निघून जायला हवं होतं.

अमेरिकेचा फोन म्हणून तो इतका ओरडून बोलत होता की मलाही सगळं ऐकू येत होतं. त्याने माफी मागितली. म्हणाला, गाणं कुठे संपतं ते कळलं नाही, म्हणून पुढची ओळ येईल या आशेने मी रेकॉर्डिंग चालू ठेवलं.

"संपतं तिथेच संपतं," उल्का म्हणाली.

"पुढे काही नाही?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

दोन आठवड्यांनी पुन्हा फोन आला, तेव्हाही मी तिथेच होते. त्याला कापण्याची जागा पक्की करायची होती, त्यासाठी तो ते पुन्हा पुन्हा लावत होता. म्हणाला, "मध्ये एक मात्रा कमी आहे का? की माझं मशीन उडी मारतंय?"

"कमी आहे."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"का?"

उल्का फोन धरून गप्प उभी राहिली. आयएसडी कॉल, तिकडे मिनिटाला डॉलर पडत होते, आणि ही गप्प. मग तिने त्याला सांगितलं. दार वाजल्यासारखं वाटतं तेव्हा आपण एक क्षण श्वास धरतो, तेवढी जागा सोडली आहे, असं काहीसं. मलाही ते तेव्हाच कळलं. इतकी वर्षं मी त्याला गिळलेला ठोका म्हणत होते. फोन ठेवून उल्का आत गेली आणि तिने तोंड धुतलं. परत आली तेव्हा तिचा चेहरा मी ओळखला नाही, इतका तो खूष होता.

उन्हाळा गेला, गणपती झाले, कॅसेट आली नाही. आनंदीबाईंनी विचारलं की अनिरुद्धची आई म्हणायची, "तो म्हणतोय अजून नीट जमत नाहीये." कॉम्प्युटरमधला इंजिनिअर, त्याला फीत कापणं जमत नव्हतं. मी मनात म्हटलं, बाबा रे, भांडी घासताना माझंही असंच झालं होतं.

नोव्हेंबरात सहकारनगरहून फोन आला. अनिरुद्ध रजेवर येतोय आणि त्याला मुलगी प्रत्यक्ष बघायची आहे. आनंदीबाईंनी देवापुढे साखर ठेवली. उल्का म्हणाली, "एकदा नकार दिलाय ना? फोटो परत आला, पत्रिका परत आली. आता काय राहिलं?"

"कॅसेट राहिली," आनंदीबाई म्हणाल्या.

संध्याकाळी उल्का आमच्याकडे आली. खुर्चीत न बसता ओट्याला टेकून उभी राहिली. "मावशी, त्याला गाणं आवडलंय," ती म्हणाली. "पण त्या कॅसेटमध्ये गाण्याबरोबर मीही बसले आहे. इतक्या वेळा बघितलं, पण माझ्याबद्दल एक अक्षर नाही. आधी गाण्यापायी नकार द्यायचे, आता गाण्यापायी होकार. मी कुठे आहे यात?" बोलता बोलता तिचे डोळे भरले. मी तिला चहा दिला.

अनिरुद्ध एकटाच आला. अंगाने बारीक, केस आधीच मागे हटलेले, पुण्याच्या डिसेंबरात अंगात जाड स्वेटर. त्याने कॅसेट दोन्ही हातांनी आनंदीबाईंना दिली. आनंदीबाईंनी ती कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं, मग "बसा" म्हणाल्या. मी पोहे आणले. आनंदीबाई म्हणाल्या, "उल्का, ते गाणं म्हण ना." जन्मात पहिल्यांदा त्या हे वाक्य बोलल्या असतील.

"नको," उल्का म्हणाली. मग तिने त्याच्याकडे सरळ बघून विचारलं, "गाणं आवडलं हे कळलं. मी आवडले का?"

आनंदीबाईंनी डोळे मिटले. मी खोबऱ्याची वाटी हातात धरून उभी. अनिरुद्धने पोह्यांचा घास संपवला, विचार केला आणि म्हणाला, "अजून सांगता येत नाही."

"म्हणजे?"

"कॅसेटवर तुम्ही फक्त बसला आहात. एकदा चष्मा वर केलात. तेवढ्यावरून काय सांगणार? साध्या गाण्याला मला अख्खा उन्हाळा लागला. चार-पाच वेळा यावं लागेल."

आनंदीबाईंनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. हा माणूस अमेरिकेहून येऊन, आमचे पोहे खाऊन, तोंडावर सांगत होता की मुलगी आवडली की नाही ते माहीत नाही. आमच्या ह्यांनी असं म्हटलं असतं तर माझ्या भावांनी त्यांना सासवडच्या स्टँडवर नेऊन सोडलं असतं. पण उल्का हसायला लागली. तिचं ते हसणं आनंदीबाईंनाही नवीन असावं.

"उद्या या," ती म्हणाली.

तो रोज यायला लागला. दोन दिवस मी पोहे केले, तिसऱ्या दिवशी उपमा केला आणि चौथ्या दिवशी सांगितलं की आता घरचं माणूस समजून पोळीभाजी मिळेल. एकदा तो तिला कात्रजला सर्पोद्यान दाखवायला घेऊन गेला. लग्नाच्या मुलीला साप दाखवणारा हा पहिलाच. माणूस सरळ होता, त्याबद्दल शंका नाही. पण बोलायला लागला की घड्याळ थांबायचं. त्याची एक हीटरची गोष्ट होती. अमेरिकेत त्याच्या घरातला हीटर आपोआप बंद व्हायचा. त्याने माणूस बोलावला. माणूस आला, बघून गेला. पुन्हा बंद. मग दुसरा माणूस. त्याने काय विचारलं, याने काय सांगितलं, कुठला पाना लागला. शेवटी कळलं की हीटरचं बटण शेजारच्या घरात आहे आणि शेजारची म्हातारी झोपताना ते बंद करते. संपली गोष्ट. ती त्याने आनंदीबाईंना सांगितली, मला सांगितली, ह्यांना सांगितली. हे झोपले.

रजा संपली त्या दिवशी तो बॅग घेऊन दारात आला. मुंबईची गाडी खाली थांबली होती. आत न येताच म्हणाला, "माझं ठरलं. माझा होकार आहे."

उल्का म्हणाली, "माझं अजून ठरलं नाही."

आनंदीबाई खालीच बसल्या. तो मात्र शांतपणे "बरं" म्हणाला. "दर रविवारी फोन करतो," म्हणाला, मला वाकून नमस्कार केला आणि गेला.

मी उल्काला धरलं. म्हटलं, "अगं भवाने, एवढा चालून आलेला माणूस, आणि तू त्याला 'अजून नाही' म्हणतेस?"

"मावशी, तो चांगला आहे. पण तो बोलायला लागला की मला कंटाळा येतो," ती म्हणाली. "त्याने मला खोटं सांगितलं नाही, मग मी त्याला कसं सांगू? आणि जन्मभर ऐकायचं आहे." तिच्या आवाजात चक्क भीती होती. माणूस हातचा जाईल याची, आणि तो आयुष्यभर बोलत राहील याचीही. दोन्ही भीती खऱ्या होत्या, त्यामुळे मी तिला आणखी बोलले नाही.

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. रविवारी सकाळी फोन यायचा. अनिरुद्धच्या आईने आनंदीबाईंना ऐकवलं की आमच्याकडे मुलींची रांग लागली आहे. आनंदीबाईंनी देवापुढची साखर उचलून डब्यात परत टाकली. उल्का पेढे खाऊन नवीन बॅच शिकवत होती. फोनवर ती "हं" म्हणायची, "मग?" म्हणायची. भिंतीतून मला दोन्ही ऐकू यायचं आणि दोन्हीत काही दम नव्हता. मार्च उजाडला. मीसुद्धा आशा सोडली.

त्या रविवारी मी कांदा चिरत होते. फोन वाजला, बोलणं सुरू झालं, आणि नेहमीसारखं संपेना. माझा कांदा चिरून झाला, मिरच्या झाल्या, तरी चालूच. मग दार वाजलं. उल्का उभी होती, केस विंचरलेले नाहीत, आणि रडत होती. मला वाटलं, संपलं सगळं. त्याचं दुसरीकडे ठरलं.

"काय झालं गं?"

"मावशी, त्याने आज परत हीटरची गोष्ट सांगितली," ती हुंदके देत म्हणाली. "सगळी. दुसरा माणूस, तो पाना, ती म्हातारी. संपली आणि त्याने फोन ठेवायला घेतला. आणि मी म्हटलं, ठेवू नको. परत पहिल्यापासून सांग."

मी गॅस बंद केला आणि आनंदीबाईंना हाक मारली, साखरेचा डबा घेऊन या म्हणून.